उन्हाळी सायकलस्वारीसाठी परवडणारा टायर : आधी जमीन, मग नक्षी

 

विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, ‘सर, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, आता टायरवर बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच की निवृत्तीनंतर आमचा सहा-सात जणांचा गट डोंबिवलीहून पहाटे सायकली घेऊन बाहेर पडतो, आणि गेल्या काही वर्षांत लहानमोठ्यांनी आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न ‘टायर कोणता घेऊ?’ हाच आहे. या प्रश्नाच्या मागे तर्कशास्त्राचा जुनाच प्रश्न उभा असतो. कोणी काही सांगितलं, तर ते आपण कशाच्या आधारावर खरं मानायचं?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा नाही. टायर चुकला तर साठवलेले पैसे जातात. दहावीच्या मुलाने वाढदिवसाचे पैसे जमवून घेतलेला टायर चुकीच्या मापाचा निघाला, तर त्याचा उन्हाळा गेला. आणि आमच्या वयाच्या माणसाचं पुढचं चाक मुरमावर घसरलं, तर खुब्याचं हाड जातं. तेव्हा आज आपण तीन गोष्टी पाहू. आपली जमीन कशी आहे, तिच्यासाठी नक्षी कोणती, आणि मोजके पैसे नेमके कुठे घालायचे.

आपल्या पायाखाली काय आहे

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा सगळा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा प्रदेश. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. हा कातळ झिजून त्याचा मुरूम होतो. पावसाळ्यात हीच जमीन चिखलाची असते, पण मार्चपासून ती वाळत जाते आणि एप्रिल-मे मध्ये विटेसारखी टणक होते. वर मात्र एक पातळ थर सुटा राहतो. बारीक खडे, मुरूम, फुफाटा. खाली टणक, वर सुटं, हे आपल्या उन्हाळ्याचं वैशिष्ट्य आहे. टणक फरशीवर कोणी मोहरी सांडावी आणि त्यावरून चालावं, तसं चाकाचं होतं.

आता वाट पाहा. डोंबिवलीहून मलंगगडाच्या पायथ्याकडे किंवा उंबार्लीच्या टेकडीकडे जा, कल्याणहून टिटवाळ्याकडे जा, बदलापूरमार्गे बारवी धरणाच्या रस्त्याला लागा, की ठाण्याहून येऊरला चढा. प्रत्येक ठिकाणी आधी भरपूर डांबर किंवा काँक्रीट लागतं आणि मग माती. आमच्या वीस किलोमीटरच्या फेरीत बारा-चौदा किलोमीटर पक्का रस्ता असतो. मातीवर आलं की भातखाचरांचे वाळलेले बांध, बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, राब भाजल्यानंतरची राख, मधूनच उघडा कातळ. आणि काटे. बाभळीचे, बोरीचे, करवंदाच्या जाळ्यांचे. शेतकरी खाचराभोवती काट्यांची वई घालतो, म्हणजे कुंपण. तिच्या वाळक्या फांद्या वाऱ्याने वाटेवर येतात.

येऊरबद्दल एक सूचना इथेच देतो. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे वनखात्याने ठरवलेल्या वेळा आणि रस्ते पाळायचे. परवानगीशिवाय जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालायची नाही.

म्हणून टायर घेण्याआधी आम्ही प्रत्येकाला एक काम सांगतो. महिनाभर एक वही ठेवा. आज किती किलोमीटर डांबर, किती मुरूम, किती कातळ, एवढंच लिहा. ही वही दुकानात घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या. तुमच्या जमिनीबद्दल त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहिती असेल.

धूर, अग्नी आणि मोठी बटणं

दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं : ‘हा घ्या, मोठी बटणं आहेत, ग्रिप एकदम जबरदस्त.’ टायरच्या नक्षीतल्या उंचवट्यांना आपल्याकडे बटणं म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू.

न्यायदर्शनात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर आहे. पण उलट करून पाहा. जिथे अग्नी असतो तिथे धूर असतो, हे बरोबर आहे का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर केव्हा निघतो? इंधन ओलं असेल तेव्हा. बोलणारा ही अट सांगत नाही, ती न सांगताच आत शिरलेली असते. नैयायिक अशा लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. ज्या अनुमानात उपाधी सापडते, ते अनुमान टिकत नाही.

‘मोठी बटणं म्हणजे जास्त पकड’ हे अगदी त्याच जातीचं वाक्य आहे. त्यातही एक अट लपली आहे, आणि गंमत म्हणजे तीही ओलीच आहे. जमीन मऊ असेल, ओली असेल, तर मोठं बटण तिच्यात रुततं आणि पकड मिळते. युरोपातल्या दमट जंगलात हे खरं आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्येही खरं आहे. पण मे महिन्यात बटण रुतणार कशात? ते कातळावर टोकावर उभं राहतं. टेकणारं रबर कमी होतं, वळणावर बटणं वाकतात, आणि सायकल अंगाखालून सरकल्यासारखी वाटते. डांबरावर तर अशा टायरचा घुंऽऽ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे तुमच्या पायांची वाया जाणारी ताकद.

परदेशी परीक्षणं वाचून टायर मागवणाऱ्या तरुणांना आम्ही हेच सांगतो. ते परीक्षण लिहिणारा खोटं बोलत नाही. पण आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस, त्याच्या ठायी दोन गोष्टी लागतात. त्याला वस्तू जशी आहे तशी माहीत हवी, आणि ती तशीच सांगायची इच्छा हवी. त्याच्याकडे दुसरी गोष्ट आहे. पहिली अर्धीच आहे. टायर त्याला माहीत आहे, तुमचा बांध माहीत नाही.

मग नक्षी कोणती

टणक जमीन, वर सुटा थर, आणि निम्म्याहून जास्त डांबर. याला उत्तर असं : मधल्या पट्ट्यात बुटकी, बारीक आणि जवळजवळ बसवलेली बटणं, आणि दोन्ही कडांना जरा उंच, सुटी बटणं. मधला पट्टा सरळ जाताना डांबरावर सहज घरंगळतो. बारीक बटणांच्या अनेक कडा सुट्या खड्यांच्या थरातून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोचतात. वळताना सायकल झुकते तेव्हा कडेची बटणं कामाला येतात.

नमुना म्हणून काही नावं सांगतो. श्वाल्बेचा स्मार्ट सॅम, केंडाचा स्मॉल ब्लॉक एट, मॅक्सिसचा आयकॉन. हे तिन्ही साधारण या कुळातले. पण तुम्ही हेच घ्यावेत असा याचा अर्थ नाही. यांची चित्रं पाहून नक्षी डोळ्यांत साठवा आणि मग तशीच नक्षी तुमच्या किमतीत शोधा. लुधियानाच्या राल्सन आणि मेट्रो, हैदराबादची हार्टेक्स, या आपल्याच देशातल्या कंपन्या वर्षानुवर्षं सायकलचे टायर बनवतात आणि त्यांचा टायर काही शे रुपयांत मिळतो. बाहेरचा चांगला टायर सहज दोन हजारांच्या पुढे जातो. न्यायशास्त्रात यालाच उपमान म्हणतात. गाय ओळखीची असली की ‘गाईसारखा दिसतो तो गवय’ एवढ्या सांगण्यावरून रानात गवय ओळखता येतो.

रुंदी किती? दोन इंचाच्या आसपास. १.९५ ते २.२ पुरे. त्याहून अरुंद टायर मुरमात कापत जातो, त्याहून रुंद टायर डांबरावर जड पडतो आणि पुष्कळदा आपल्या फ्रेममध्ये मावतही नाही. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर चाक थोडं वाकडं झालं की घासायला लागतं.

टायरवरचे आकडे

पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथे. टायरच्या बाजूवर २६ × १.९५ असं लिहिलेलं असतं. ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हटलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. झालेलं नसतं. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही सव्वीसच, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. पहिल्याच्या बैठकीचा व्यास ५५९ मिलिमीटर आहे, दुसऱ्याचा ५९०. दशांश आणि अपूर्णांक एकच असं समजू नका. टायरच्या व्यवहारात ते दोन वेगवेगळे प्राणी आहेत.

म्हणून बाजूवर बारीक अक्षरांत लिहिलेला दुसरा आकडा वाचायचा. ५०-५५९ असं लिहिलं असेल, तर ५० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी आणि ५५९ म्हणजे रिमवरच्या बैठकीचा व्यास. माउंटन बाइकसाठी तीन व्यास ध्यानात ठेवा. सव्वीस म्हणजे ५५९, साडेसत्तावीस म्हणजे ५८४, एकोणतीस म्हणजे ६२२. तुमच्या जुन्या टायरवरचा दुसरा आकडा आणि नव्यावरचा दुसरा आकडा तंतोतंत एक हवा. इथे ‘साधारण’ चालत नाही.

सव्वीस हा आकडा आला कुठून, तेही ऐका. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यातली मुलं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडू लागली. त्या सायकलींची चाकं सव्वीसची होती, म्हणून माउंटन बाइक सव्वीसची झाली. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यत आली, आणि नंतर एकोणतीस व साडेसत्तावीसची चाकं पसरली. त्यामुळे महागड्या परदेशी टायरमध्ये सव्वीसचं माप आता कमी मिळतं. मात्र आपले देशी कारखाने ते अजून बनवतात. ज्यांच्या बाल्कनीत सव्वीसची जुनी सायकल उभी आहे, त्यांनी ‘आता टायर मिळत नाही’ या भीतीने नवी सायकल घेण्याची घाई करू नये.

पैसे कुठे घालायचे

समजा तुमच्याकडे पंधराशे रुपये आहेत आणि दोन्ही टायर गुळगुळीत झालेत. पुष्कळ जण दोन सारखे टायर घेतात. आमचा सल्ला वेगळा आहे. पुढचा चांगला घ्या, मागचा स्वस्त घ्या.

कारण असं. मागच्या चाकावर साधारण साठ टक्के वजन असतं आणि पायडलची ताकदही तिथेच लागते. म्हणून मागचा टायर लवकर झिजतो, तिथे महाग रबर लावणं म्हणजे महाग रबर झिजवणं. उलट मागचं चाक घसरलं तर सायकल थोडी हेलपाटते, माणूस सावरतो. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. पुढचं चाक वळतं, आणि ब्रेकची बरीचशी ताकदही तेच घेतं. तुमच्या हाडांची जबाबदारी पुढच्या टायरवर आहे.

यातूनच पुढचा नियम निघतो. मागचा झिजला की पुढचा काढून मागे टाका आणि नवा पुढे लावा. झिजलेला टायर पुढे कधीही आणायचा नाही. नवा बसवताना बाजूवरचा बाण पाहा, चाक पुढे फिरतं त्या दिशेला तो हवा.

बचत आणखी दोन ठिकाणी होते. टायरच्या कडेत एकतर लोखंडी तार असते किंवा घडी घालता येणारा कृत्रिम धागा. घडीचा टायर थोडा हलका असतो आणि बराच महाग. शर्यत जिंकायची नसेल तर तारेचा घ्या. दुसरं, टीपीआय नावाचा आकडा. एका इंचात कापडाचे धागे किती, तो. जास्त धाग्यांचा टायर मऊ आणि हलका, पण त्याची बाजू सहसा नाजूक. आपल्या काट्या-कातळात तीसपासून साठपर्यंतचा टायर जाडाभरडा वाटला तरी टिकतो. स्वस्त टायर इथे आपल्या उपयोगाचाच आहे.

एक गोष्ट मात्र स्वस्तात सोडू नका. टायर घेताना बाजू हलकीशी दुमडून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर माल जुना आहे, ठेवून द्या. आमच्यातल्या एकाला एका दुकानात ‘नवाच आहे’ म्हणून असा टायर मिळाला होता. नक्षी नवी कोरी आणि बाजू वाळलेल्या भाकरीसारखी. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण आहे, तेव्हा आधी डोळे आणि बोटं वापरा.

हवा : फुकटातली सुधारणा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. आम्ही पाहिलं आहे की टायर वाईट म्हणून जितके लोक नाराज असतात, त्यांतल्या निम्म्यांचा टायर चांगला असतो आणि हवा चुकीची असते.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अंगठ्याने दाबून ‘टाइट’ भरतो, तेव्हा सहज पन्नास-साठ पाउंड हवा जाते. हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो. मागच्या चाकावर त्यातले ४८ किलो, म्हणजे सुमारे १०६ पाउंड. हवा दर चौरस इंचाला ६० पाउंड असेल, तर टायर जमिनीला टेकतो पावणेदोन चौरस इंच. हवा ३५ पाउंड असेल तर तीन चौरस इंच. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा स्पष्ट आहे. टायर तोच, पैसे तेच, आणि टेकणारी जागा पावणेदोन पट. शिवाय कमी हवेचा टायर खड्यावरून उसळत नाही, खड्याला पोटात घेतो.

मग किती कमी? फार कमी केली तर दगडावर आपटताना रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि फुटते. इथे ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग उपयोगी पडतो. तो मध्य म्हणजे दोन टोकांची बेरीज भागिले दोन, असा नाही. मायलो पहिलवानाला पुरणारा आहार नवशिक्याला जास्त होईल, असं तोच सांगतो. मध्य ज्याचा त्याला शोधावा लागतो. टायरच्या बाजूवर कमाल-किमान दाब छापलेला असतो, त्या मर्यादा आहेत, त्यांच्या आत राहायचं. दोन इंची टायर, आत ट्यूब, माणूस साठ-सत्तर किलोचा असेल, तर पुढे ३० आणि मागे ३५ पाउंडांपासून सुरुवात करा. दर फेरीला दोन पाउंड कमी करत जा. दगडावर रिम आपटल्याचा ‘ठक्’ जाणवला की तीन पाउंड वाढवा आणि तिथे थांबा. तो तुमचा मध्य. वजन दहा किलोने जास्त असेल तर दोन-तीन पाउंड जास्त धरा.

यासाठी एकच खरेदी लागते, हवा मोजायचा गेज किंवा गेज असलेला पंप. पैसे एकाच वस्तूला पुरत असतील तर टायरच्या आधी तो घ्या. अंगठ्याला तीस आणि पंचेचाळीस यांतला फरक नीट कळत नाही.

पंक्चर काय सांगतं

पंक्चर झालं की चिडून ट्यूब फेकू नका, भोक पाहा. शेजारी शेजारी दोन लांबट भोकं, साप चावल्यासारखी, तर हवा कमी होती. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक, तर काटा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत कापड फिरवा, कारण करवंदाचं टोक आत मोडून राहिलेलं असतं आणि दुसरी ट्यूबही तेच फोडतं. कापडच फिरवा, बोट नको. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर दोष टायरचा नाहीच. रिमवरची पट्टी सरकली आहे आणि आरीचं टोक वर आलं आहे. पट्टी बदला, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. अशा वेळी नवा टायर घेणं म्हणजे डोळ्यांच्या दुखण्याला चपला बदलणं.

काट्यांसाठी ट्यूब आणि टायरमध्ये बसणारी पट्टी मिळते, किंवा ट्यूबमध्ये चिकट द्रव घालता येतो. दोन्ही उपाय काट्यांपुरते ठीक आहेत. ट्यूब घेताना व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या पद्धतीचा जाड घेतलात, तर पेट्रोल पंपावर आणि कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. मात्र तुमच्या रिमचं भोक त्याच जाडीचं आहे ना, ते आधी पाहा. बारीक व्हॉल्व्हच्या भोकात जाड व्हॉल्व्ह जात नाही.

आता श्रोत्यांचे काही प्रश्न घेतो.

उन्हात ठेवलेली सायकल फुटते, म्हणून हवा कमी ठेवावी का?

पहाटे पंचवीस अंशांना ३५ पाउंड भरले आणि दुपारी टायर पंचेचाळीस अंशांपर्यंत तापला, तर दाब होतो साधारण ३८. तीनच पाउंड वाढले. एवढ्याने चांगला टायर फुटत नाही. फुटतो तेव्हा बहुधा आधीच साठ-सत्तर भरलेले असतात, किंवा ट्यूब टायरच्या कडेखाली चिमटलेली असते, किंवा बाजू चिरलेली असते. ऊन दुसऱ्या तऱ्हेने वाईट आहे. रोजच्या कडक उन्हाने रबर वाळतं आणि भेगा पडतात. बाल्कनीत सायकलवर जुनी चादर टाका. आणि हवा गेलेल्या टायरवर सायकल महिनोन्महिने उभी ठेवू नका.

ट्यूबलेस करावं का?

काट्यांसाठी ते फार चांगलं. पण रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले हवेत, आणि आतला द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावा लागतो. आठवड्याला दोनतीनदा मातीवर जात असाल तर विचार करा. रविवारपुरते जात असाल तर ट्यूब, पट्टी आणि गेज यांत भागतं.

माझी मुलगी याच सायकलने रोज कॉलेजला जाते आणि रविवारी टेकडीवर. तिला दोन जोड्या लागतील का?

नाही. पुढे आपण वर्णन केलेला टायर, मागे त्याहूनही सपाट मधल्या पट्ट्याचा. रोज रस्त्यावर पाचेक पाउंड जास्त ठेवू दे, टेकडीच्या सकाळी तेवढे सोडू दे. सोबत हातपंप असावा, म्हणजे परतताना पुन्हा भरता येतील.

हाच टायर पावसाळ्यात चालेल?

डांबरावर चालेल. मातीवर नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की बारीक बटणांच्या फटींत चिखल भरतो आणि टायर गुळगुळीत होतो. तेव्हा ती लपलेली अट पूर्ण होते, जमीन ओली होते, आणि मोठ्या बटणांचं ते वाक्य खरं ठरतं. पण पहिल्या पावसात मऊ बांधावरून सायकल नेऊच नये असं आमचं मत आहे. बांध फुटला तर शेतकऱ्याच्या खाचरातलं पाणी जातं. त्याच्या वाटेवरून आपण उन्हाळाभर फिरलो, एवढं तरी त्याचं देणं लागतो.

तेव्हा येत्या रविवारी निघण्याआधी तीन कामं करा. टायरवरचा दुसरा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या टायरची बाजू दुमडून पाहा, आणि हवा मोजा. नवा टायर लागतो की नाही, ते त्यानंतर ठरवू. सकाळी सहाच्या आत बाहेर पडा, पाणी जास्त घ्या.